टिपणिसांच्या फियाटमधला मूळ रेडिओ

मी, जलाल इस्माईल आतार, वय वर्षे ७४, धंदा रेडिओ दुरुस्ती (दुकान दोन वर्षांपासून बंद), राहणार भोर, तालुका भोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या घरात, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. तसा तो कधीच नव्हता, आणि आयुष्यात जे वाईट केले तेही कोणाच्या दाबाखाली केलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. असे प्रत्येक म्हातारा म्हणतो, म्हणून डॉ. सुलक्षणा शेटे यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी थेट दोनपर्यंत उतरलो, तेव्हा त्या म्हणाल्या, पुरे.

मजकूर माझा आहे. शुद्धलेखन माझी मुलगी गुलफशा हिने तपासले आहे. ती शिक्षिका आहे. तपासून झाल्यावर ती म्हणाली, "अब्बा, अक्षरं मी सुधारली. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली. हे मृत्युपत्र मालमत्तेसाठी लिहिलेले नाही. मालमत्ता मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतील. हे लिहिले आहे ते कलम पाचसाठी. पण वाचणाऱ्याने आधीची चार कलमे गाळू नयेत. पाचव्यापर्यंत पोचायला मलाही धीर गोळा करावा लागला आहे.

कलम १. माझी पत्नी २०१८ साली गेली. वारस दोन: मुलगा खालिद, चाकणला कारखान्यात नोकरीस, आणि मुलगी गुलफशा. भोरमधील राहते घर, पोस्टातील शिल्लक आणि घरातील सामान यांची वाटणी आमच्या शरियतीत सांगितली आहे तशी व्हावी. तिच्यात मला ढवळाढवळ करता येत नाही आणि करायचीही नाही. मालमत्तेच्या फक्त एक तृतीयांश भागापुरता मी माझ्या मर्जीने बोलू शकतो. तेवढे मला पुरेसे आहे. खालिदला एकच सांगणे आहे. पडवीतला जुना पंखा आवाज करतो म्हणून काढू नये. त्याला तेल पाहिजे, एवढेच.

कलम २. दुकानातील हत्यारे. डाग देण्याच्या (सोल्डरिंगच्या) इस्त्र्या, तार गुंडाळायचे यंत्र आणि जुन्या रेडिओंच्या व्हॉल्व्हचा डबा हे सर्व शेजारचा मोबाईल दुरुस्तीवाला सोमनाथ कोंढाळकर यास द्यावे. तो व्हॉल्व्हला "काचेची बाटली" म्हणतो, तरीही द्यावे, कारण भोरात आता दुसरा कोणी ते घेणार नाही. याच सोमनाथने २०१९ साली माझी बारीक तोंडाची पक्कड नेली, ती आजतागायत परत दिलेली नाही. ती त्यास बक्षीस समजावी. तो या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार असल्याने हे त्याला वाचावेच लागेल.

कलम ३. मयत. ज्या दिवशी जाईन त्याच दिवशी दफन करावे, चाकणहून खालिदला यायला उशीर झाला तरी थांबू नये. मशिदीच्या भोंग्यावरून बातमी देण्याआधी माईक तपासावा. तो भोंगा मी बसवलेला आहे. माझ्या मयतीची बातमी खरखरत गेली तर लोक हसतील, आणि ते हसणे योग्यच ठरेल.

कलम ४. दुकानात समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक मानपत्र आहे. पुण्यातील जुन्या गाड्यांच्या एका हौशी मंडळाने ते मला २०१५ साली दिले. "मूळ रेडिओ मूळ स्वरूपात जपणारे जाणकार कारागीर" असे त्यावर छापले आहे. त्यानंतर लांबलांबून लोक आपल्या गाड्यांचे रेडिओ घेऊन माझ्याकडे आले, आणि मला चांगले दिवस आले. ते मानपत्र उतरवावे. चौकट सागवानी आहे, तिचा उपयोग व्हावा. कागद मात्र जाळावा, आणि खालिदने तो आठवण म्हणून ठेवून घेऊ नये. का ते पुढे आहे.

कलम ५. हे कलम कै. उपेंद्र टिपणीस यांच्या गाडीतील रेडिओबद्दल आणि माझे मेहुणे झुल्फिकार मुलाणी यांच्याबद्दल आहे. याची मला लाज वाटते. अकरा वर्षे वाटते आहे, आणि ती कमी होण्याऐवजी वयाबरोबर वाढत गेली.

उपेंद्र माझा पहिलीपासूनचा वर्गमित्र. तो पुढे कचेरीत लागला, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला. मी रेडिओ उघडत राहिलो. त्याचे वडील डॉक्टर होते. त्यांनी १९५८ साली काळी डुक्कर फियाट घेतली आणि तिच्यातून ते वेल्ह्याच्या खेड्यापाड्यांत व्हिजिटला जात. रस्ता संपला की गाडी तिथेच लावून पुढे चालत. ते रोग्याला तपासून येईपर्यंत गाडीतला रेडिओ चालू असे आणि गाव गाडीभोवती उभे राहून ऐके. त्या भागातल्या कित्येकांनी पहिला रेडिओ ऐकला तो याच गाडीतला. डॉक्टरसाहेब गेल्यावर उपेंद्रने गाडी विकली नाही. रेडिओही बदलला नाही.

झुल्फिकार मुलाणी हे माझी धाकटी बहीण खुर्शिदा हिचे यजमान. भोरच्या एसटी स्टँडजवळ त्यांचे मोटारींच्या वायरिंगचे दुकान होते. वयाने ते माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण बहिणीचे मालक म्हणून मी त्यांना दाजी म्हणत असे आणि अहोजाहो करत असे. तोंडाने मान द्यायला मला कधीच जड गेले नाही.

२०१४च्या डिसेंबरात डॉक्टरसाहेबांची जन्मशताब्दी होती. त्या दिवशी गाडी चालली पाहिजे आणि तिच्यातला मूळ रेडिओ स्वच्छ वाजला पाहिजे, अशी उपेंद्रची इच्छा होती. गाडी दाजींकडे आली, रेडिओ माझ्याकडे. इंजिन बंद असताना रेडिओ ठणठणीत वाजे. इंजिन चालू केले की अशी खरखर उठे, की बातम्या देणारी बाई चुरमुरे खात बोलते आहे असे वाटावे. मी प्लगच्या वायरींवर आवाज अडवणारे तुकडे बसवले, डायनामोवर कंडेन्सर बसवला. टरटर गेली, भुणभुण गेली. खरखर राहिली. मी चारचौघांत सांगून बसलो होतो की दोष सेटमध्ये आहे आणि तो मीच काढणार, मोटारवाल्यांचे हे काम नव्हे.

एके सकाळी टिपणिसांच्या अंगणात दाजींनी इंजिन चालू ठेवून सेटच्या मागची एरियलची पिन उपसली. स्टेशन गेले, आणि खरखरही गेली. पिन घातली, दोन्ही परत आली. आवाज सेटमध्ये असता तर पिन काढल्यावरही तो राहिला असता. हे एवढे सोपे आहे.

"जलालभाई, तुमचा सेट साफ हाय," दाजी म्हणाले. "खरखर एरियलमधनं येतीया. तिचं बूड बगा."

एरियल उजव्या मडगार्डवर होती. तिच्या बुडाशी तेल आणि हळदी-कुंकवाचा जाड थर बसला होता. दर दसऱ्याला गाडीची पूजा होई. आधी उपेंद्रची आई आणि नंतर त्याची पत्नी सुलूवहिनी झेंडूची माळ एरियलला बांधत, बुडाशी तेल आणि हळद-कुंकू लावत, वरून नारळाचे पाणी शिंपडत. छप्पन्न वर्षांचे दसरे तिथे साचले होते. पाणी आत झिरपून नटाखाली गंज धरला होता. एरियलचे बूड गाडीच्या पत्र्याला उघडे टेकले नाही तर अर्थिंग मिळत नाही आणि इंजिनाचा सगळा कचरा रेडिओत येतो. हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक होते. त्या थराखाली काय झाले असेल ते मी दाजींच्या आधी आठ दिवस ओळखलेही होते.

दाजींनी पाना उचलला. मी त्यांचा हात धरला.

"दाजी, त्यांचं पूजेचं हाय त्ये. आपुन हात लावायचा न्हाई."

"मग इचारा की. वहिनी आतच हायेत."

सुलूवहिनी खरोखरच आत होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोडणीचा वास येत होता. पंधरा पावले चालून एक प्रश्न विचारायचा होता. मी विचारला नाही.

सुरुवातीला तो खरा संकोच होता, हे मी अल्लाला साक्षी ठेवून लिहितो. आपण मुसलमान, दुसऱ्याच्या पूजेचे कुंकू पान्याने खरवडायचे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोणी पाहिले तर काय म्हणेल? पण ज्या घरात मी पाचवीपासून जेवत आलो, ज्या घरातला फराळाचा डबा दर दिवाळीला माझ्याकडे येई आणि ईदचा शीरखुर्मा ज्यांच्याकडे माझी बायको स्वतः नेऊन देई, तिथे तो संकोच एका दिवसात संपायला हवा होता. मी तो जपून ठेवला. कारण तो मला सोयीचा झाला. वहिनींना विचारले असते, थर काढला असता आणि खरखर गेली असती, तर दाजी खरे ठरले असते.

म्हणून मी सेट उचलून दुकानात आणला आणि त्याच्यात नसलेला दोष शोधू लागलो. दोन दिवस शोधला. तिसऱ्या दुपारी, रागाच्या भरात, मी बॅटरीच्या वायरी उलट्या जोडल्या. पहिल्या महिन्यातला शिकाऊही करत नाही अशी चूक. धूर निघाला आणि मूळ ट्रान्सफॉर्मर जळाला.

दुसऱ्या दिवशी उपेंद्र दुकानात आला. सेट समोर उघडा पडला होता. जळलेला वास अजून गेला नव्हता.

"काय झालं रे?" त्याने विचारले.

मी म्हणालो, "झुल्फिकारनं दाब आवरणारा कटआऊट चुकीचा जोडला. डायनामोचा दाब जास्त आला, सेट जळाला."

दाजी असेही म्हणालो नाही. नावाने बोललो.

उपेंद्रने जळलेल्या ट्रान्सफॉर्मरवरून बोट फिरवले. मग म्हणाला, "जलाल, काहीही कर, पण बाबांचा रेडिओ वाचव." मी म्हणालो, बघतो.

शताब्दीला नऊ दिवस उरले होते. त्या मापाची तार पुण्याहून मागवून ट्रान्सफॉर्मर गुंडाळायलाच तीन आठवडे गेले असते. मी मूळ सेटचे आतडे काढून पेटीत ठेवले आणि जुन्या खोक्यात, जुन्या डायलच्या आणि बटणांच्या मागे, नवा ट्रान्झिस्टरचा सेट बसवला. व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलत नाही. आधी डायलचा दिवा लागतो, व्हॉल्व्ह तापायला अर्धे मिनिट लागते, मग आवाज हळूहळू वर येतो. ट्रान्झिस्टर लगेच बोलतो. उपेंद्रच्या ते लक्षात आले असते. म्हणून मी एक रिले आणि एक कंडेन्सर लावून आवाज अर्धे मिनिट अडवून धरायची सोय केली. तिच्यात थोडी घरघरही घातली, व्हॉल्व्ह तापताना येते तशी. ते काम मी फार मन लावून केले. माझ्या आयुष्यातले सर्वांत नाजूक काम तेच असावे, आणि ते फसवणुकीचे होते.

सेट गाडीत बसवला, इंजिन चालू केले, तर तीच खरखर. नव्या सेटलाही एरियल जुनीच होती.

शुक्रवार होता. टिपणीस मंडळी आंबवड्याला नागेश्वराच्या अभिषेकाला गेली होती. मी जुम्म्याची नमाज चुकवली आणि त्यांच्या अंगणात गेलो. ज्याला हात लावू नका म्हणून दाजींना अडवले होते, तो थर मी ब्लेडने खरवडला. नट काढला, गंज घासला, पत्रा चकाकेपर्यंत घासला, नट आवळला. इंजिन चालू केले. पुणे केंद्र असे लागले की बोलणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. मग मी बाजारातून आणलेली हळद, कुंकू आणि गोडेतेल पुन्हा त्या बुडाशी थापले, जुने दिसावे म्हणून वर माती चोळली. माझ्या बोटावर दोन दिवस कुंकवाचा रंग होता. बायकोने विचारले, तिला लाल शाई म्हणून सांगितले.

वहिनींना विचारून उजळ माथ्याने जे दहा मिनिटांत झाले असते, ते मी चोरासारखे केले. मूळ रेडिओ जाळून केले.

शताब्दीच्या दिवशी अंगणात पन्नास-साठ माणसे होती. वेल्ह्याकडूनही काही म्हातारी माणसे आली होती. उपेंद्र गाडीत बसला, इंजिन चालू केले, रेडिओचे बटण फिरवले. दिवा लागला. अर्धे मिनिट सगळे गप्प. मग आवाज आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपेंद्र रडत होता. त्याने मला जवळ ओढले आणि सगळ्यांना म्हणाला, "हा वाचला तो जलालमुळे. नाहीतर झुल्फिकारनं जाळलाच होता."

दाजी गाडीच्या बॉनेटपाशीच उभे होते. गाडी त्यांनीच चालती करून दिली होती, हातात फडके होते. त्यांनी उपेंद्रकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले. मी डायलकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी फडके मडगार्डवर ठेवले आणि ते फाटकातून निघून गेले.

त्यानंतर भोरात त्यांच्याकडे कोणी चांगली गाडी दिली नाही. ज्याने डॉक्टरांच्या गाडीचा रेडिओ जाळला तो, अशी त्यांची ओळख झाली. पाच महिन्यांत त्यांनी दुकान बंद केले आणि ते राजगडाच्या पायथ्याला पालीला गेले. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये गड चढायला येणाऱ्यांच्या गाड्यांच्या वायरी आणि पंक्चर बघतात. जाण्याआधी खुर्शिदा एकदा माझ्याकडे आली. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"दादा, त्यांनी माज्याकडं बगून तोंड उगडलं न्हाई," ती म्हणाली. "माज्या माह्यराची अब्रू जाईल म्हनून. तू येकदा म्हन, चुकून बोललो. बास."

मी म्हणालो, "चुकून काय बोललो? जे झालं त्येच बोललो."

ती परत आली नाही. माझ्या बायकोच्या मयतीला आली होती, तेव्हा बायकांत बसली आणि तिथूनच गेली.

उपेंद्र २०२२ साली गेला. शताब्दीनंतरची आठ वर्षे तो रोज सकाळी गाडीत बसून बातम्या ऐकत असे. बटण फिरवून डोळे मिटून बसायचा. मला एकदा म्हणाला, "जलाल, आवाज येण्याआधीचं हे अर्धं मिनिट आहे ना, तेवढा वेळ मी बाबांबरोबर बसलेला असतो." मी हो म्हणालो. त्याच्या तिरडीला मी खांदा दिला, पण खरे तोवर सांगितले नव्हते. त्याला सांगायची वेळ आता गेली आहे.

म्हणून मी लिहून देतो की रेडिओ झुल्फिकार मुलाणी यांनी जाळला नाही. त्यांची जोडणी बिनचूक होती. खरखरीचे कारण त्यांनीच शोधले. रेडिओ मी जाळला, दोष त्यांच्यावर ढकलला, श्रेय घेतले, त्याच्यावर कलम चारचे मानपत्र मिळवले, आणि अकरा वर्षे ते श्रेय वापरले.

कलम ६. भोंगवली येथील वीस गुंठे जमीन मी कलम चारमधील मानपत्रानंतर आलेल्या कमाईतून घेतली. ती एक तृतीयांशाच्या आत बसते. ती माझी बहीण खुर्शिदा झुल्फिकार मुलाणी हिला द्यावी. खालिद व गुलफशा यांची संमती घेतली आहे. खालिदने विचारले, "अब्बा, एवढं सगळं उकरून काढायची काय गरज? उपेंद्रकाका तर गेले." गुलफशाने त्याला गप्प केले.

कलम ७. मूळ सेटचे आतडे माझ्या लोखंडी पेटीत आहे. त्याचा ट्रान्सफॉर्मर मी नंतर सवडीने पुन्हा गुंडाळला आहे. सेट चालतो. तो टिपणिसांच्या गाडीतल्या जुन्या खोक्यात परत बसवावा. मी बनवलेला खोटा सेट काढून भंगारात द्यावा, कोणाला हौस म्हणून देऊ नये. पूजा करायची तर स्टिअरिंगपाशी करावी, एरियलचे बूड दर वर्षी कोरडे पुसावे. एवढे केले तर हा रेडिओ आणखी तीस वर्षे स्वच्छ वाजेल.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी गुलफशाने करावी. माझ्या मृत्यूनंतर चाळीस दिवसांच्या आत तिने कलम पाच टिपणिसांच्या ओट्यावर, सुलूवहिनी, त्यांचा मुलगा स्वानंद आणि शताब्दीला हजर असलेल्यांपैकी जे सापडतील त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावे.

भोर, दिनांक ३ नोव्हेंबर २०२५.

पुरवणी, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५.

वरचे मृत्युपत्र लिहून झाल्यावर दुसरा साक्षीदार झुल्फिकार मुलाणी असावेत असे माझ्या मनात आले. गुरुवारी एसटीने निघालो, नसरापूरला गाडी बदलली, मार्गासनीला उतरलो आणि दुधाच्या टेम्पोने पालीला पोचलो. दाजी एका जीपखाली होते. मी आलेलो पाहूनही लगेच बाहेर आले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी स्टूल पुढे सरकवले. खुर्शिदा पाणी घेऊन आली, पेला खाली ठेवला आणि दारात उभी राहिली. मी कलम पाच वाचून दाखवले. वाचताना दोनदा थांबलो. ते हात पुसत उभे होते.

वाचून झाले. मला वाटले होते ते शिव्या देतील. त्यांनी एवढेच विचारले, "म्हंजी तुमी मरस्तवर त्यो रेडिओ म्याच जाळलेला ऱ्हायचा?"

मी कागदाची घडी घातली.

"आन् तुमच्या आदी म्या मेलो तर?"

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, मला वाटले होते मी फार मोठे धाडस केले आहे. मी केली होती ती फक्त, लाज वाटायची वेळ येईल तेव्हा आपण जमिनीखाली असू, याची कागदोपत्री तजवीज. दाजी म्हणाले, "सही करनार न्हाई म्या असल्या कागदावर," आणि पुन्हा जीपखाली गेले. खुर्शिदाने मला टेम्पोपर्यंत सोडले. टेम्पो सुटताना म्हणाली, "रविवारी धाडते त्यास्नी. तू वाच."

म्हणून कलम ८ मधला वाचनाचा भाग मी रद्द करत आहे. आज रविवारी सकाळी दहा वाजता टिपणिसांच्या ओट्यावर मी स्वतः कलम पाच वाचले. सुलूवहिनी, स्वानंद, सोमनाथ, शताब्दीला असलेली नऊ माणसे, आणि पायरीवर टेकून दाजी. एवढ्या वर्षांत मी शेकडो सभांचे माईक जोडले, स्वतः कधी बोललो नव्हतो. एकाने म्हटले, "मोठ्यानं वाचा, मागे ऐकू येत नाही." मी पहिल्यापासून पुन्हा वाचले.

कुंकवाचा भाग आला तेव्हा सुलूवहिनी मध्येच म्हणाल्या, "एवढंच होतं? अहो, मला हाक मारायची. मीच खरवडून दिलं असतं. तुम्हाला आमच्या घरात इतकं परकं कधीपासून वाटायला लागलं, जलालभाऊ?"

मी खाली पाहत वाचत राहिलो. उपेंद्रच्या अर्ध्या मिनिटाचा भाग आल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या.

"ते अर्धं मिनिट तुम्ही बनवलेलं होतं?"

"हो, वहिनी."

त्या आत निघून गेल्या. स्वानंद माझ्याकडे असा पाहत होता, की त्याने मारले असते तर मला बरे वाटले असते. बऱ्याच वेळाने वहिनी बाहेर आल्या. माझ्याकडे न पाहता पायरीशी गेल्या आणि दाजींसमोर उभ्या राहिल्या.

"झुल्फिकारभाऊ, ह्यांनी तुम्हाला याच अंगणात बोल लावला. ते आता नाहीत. त्यांच्या वतीनं मी हात जोडते."

दाजी गडबडून उभे राहिले. "वहिनी, न्हाई, तुमी न्हाई जोडायचं," असे म्हणाले आणि दोन पावले मागे सरले.

जिची काहीच चूक नव्हती त्या बाईने हात जोडले, आणि ज्याने जोडायला हवे होते तो मी हातात कागद धरून उभा होतो. मग मी कागद खाली ठेवला, पायरी उतरलो आणि हात जोडले. दाजींनी ते पाहिले. माझे हात खाली करायला ते पुढे आले नाहीत. मी सांगतो, त्यांनी बरोबरच केले.

रेडिओ कलम सातप्रमाणे परत बसवण्यासाठी स्वानंदने मूळ सेट पेटीसकट नेला आहे. तो कोणाकडून बसवून घ्यायचा ते तो आणि त्याची आई ठरवतील. मला विचारलेले नाही.

बाकीची कलमे कायम आहेत. हा कागद मी वाचला, समजून घेतला, आणि खालील दोघांसमोर सही करत आहे. यात मी जे लिहिले त्याहून चांगला मी नव्हतो.

लिहून देणार: (सही) जलाल इस्माईल आतार

स्थळ: टिपणीस यांचा ओटा, भोर, जिल्हा पुणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: (सही) सोमनाथ कोंढाळकर, भोर. पक्कड परत करत आहे.

साक्षीदार २: (सही) झुल्फिकार मुलाणी, पाली, तालुका वेल्हे. माझ्यासमोर वाचलं. खरं हाय. सही केली, माफ केलेलं न्हाई.